समासातील शाई : विद्यार्थ्यांच्या लेखनावरील लेखी अभिप्रायाचा इतिहास



दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात शिक्षणाची ध्येये, राष्ट्रउभारणी किंवा थोर पुरुषांचे विचार यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि तो उचितच आहे. तथापि आज मी शिक्षकाच्या रोजच्या व्यवसायातील एका लहानशा, काहीशा कंटाळवाण्या मानल्या गेलेल्या कामाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. ते काम म्हणजे वह्या तपासणे. अधिक नेमके सांगायचे तर, विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने लिहिलेला मजकूर वाचून त्याच्या वहीत, केवळ त्याच्याकरिता, दोन-चार ओळींचा अभिप्राय लिहिणे.

या कामाचा स्वतंत्र इतिहास कोणी लिहिल्याचे आढळत नाही, आणि त्यात नवल नाही. शाळांच्या इमारती टिकतात, अहवाल टिकतात, निकालांचे तक्ते टिकतात. मुलांच्या वह्या मात्र वर्ष संपताच रद्दीत जातात. त्यामुळे हा इतिहास आडवाटेने, निरनिराळ्या प्रसंगांतून गोळा करावा लागतो. तो गोळा करताना एक प्रश्न वारंवार समोर येतो: शिक्षक समासात जे लिहितो ते कोणाच्या वतीने लिहितो? भाषेच्या नियमांच्या वतीने, की त्या मुलाचा एक वाचक या नात्याने? दादरा आणि नगर हवेलीसारख्या, अनेक बोलींच्या प्रदेशात हा प्रश्न निव्वळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही. मूल पुढे लिहिणार की गप्प बसणार, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

१. धूळपाटी, कित्ता आणि हरताळ

इंग्रजी अंमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर शिके. लाकडी फळीवर धूळ किंवा विटकरीची पूड पसरायची, पंतोजींनी त्यावर अक्षर काढून द्यायचे आणि मुलाने ते गिरवायचे. अक्षर चुकले की हात फिरवून धूळ सारखी करायची. पुढे कित्ता येई. वळणदार अक्षराचा नमुना समोर ठेवून त्याबरहुकूम लिहिणे, हाच लेखनाभ्यास. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व सुटे असावे, ओळीला ओळ लागू नये, अशी तेथील शिकवण आहे. लेखन म्हणजे प्रामुख्याने अक्षर, आणि चांगले लेखन म्हणजे चांगली नक्कल, ही त्या काळाची दृष्टी होती. ग्रंथ हाताने उतरवून घ्यावे लागत असल्याने ती व्यवहार्यही होती.

या पद्धतीची एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. धूळपाटीवरील चूक राहत नसे. ती पुसली जाई आणि तिच्याबरोबर चुकल्याची खूणही जाई. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून ते झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. म्हणजे धुळीतून कागदावर येताच चुकीचा डाग कायमचा झाला. आपल्या वह्यांतील लाल शाईचे मूळ येथपर्यंत नेता येते. कागद स्वस्त झाला, मुलाला स्वतःचे वाक्य लिहिण्याची सोय झाली, आणि त्याच वेळी त्याच्या प्रत्येक चुकीची नोंदही कायम राहू लागली.

२. कँडीसाहेबांची लेखणी

मुंबई इलाख्यात १८२२ नंतर शालेय पुस्तके तयार करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले आणि मराठी गद्याला शाळेत जागा मिळाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. या कोशकार्यातील मोल्सवर्थ यांचे सहकारी थॉमस कँडी पुढे सरकारी मराठी भाषांतरकार झाले. सरकारी शाळांकरिता तयार होणारी मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांची ओळख करून देणारी त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. आज मराठी मुलाच्या वहीत शिक्षक जेथे स्वल्पविराम घालतो तेथे कँडींचे ऋण आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु कँडींची भूमिका ही वाचकाची नव्हे, तपासनिसाची होती. लेखकाला काय म्हणायचे आहे यापेक्षा त्याने ते ठरलेल्या नियमांत म्हटले आहे की नाही, हे पाहणे त्यांच्या अधिकाराचा भाग होता. भाषेला शिस्त लावण्याच्या त्या काळात याची गरजही असेल. पण सरकारी संमतीची मोहोर आणि भाषेची दुरुस्ती एकाच हातात आल्याने दुरुस्तीला हुकमाचे स्वरूप आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा इंग्रजी वळणाच्या मराठीवर त्यांनी जे प्रहार केले, त्यांमागे हीच खंत होती. स्वतः शिक्षक असलेल्या या लेखकाने मालेच्या ८४ अंकांतून मराठी निबंधाला प्रौढत्व दिले. मात्र त्यांची टीकाही धारदार होती. लेखनातील दोष निर्भीडपणे दाखविणे म्हणजे समीक्षा, हा संस्कार मराठी शिक्षकाने त्यांच्यापासून घेतला. दुबळ्या, नवख्या लेखकाशी कसे बोलावे हे मात्र त्याला अन्यत्र शिकावे लागले.

३. दोन विद्यार्थ्यांचे निबंध

एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्यांच्या लेखनाचे काय झाले, हे दोन उदाहरणांतून पाहण्यासारखे आहे.

पहिले उदाहरण मुक्ता साळवे हिचे. महात्मा फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला. ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही तो धर्म आपला कसा म्हणावा, असा प्रश्न ती विचारते. निवाऱ्यावाचून बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांचे हाल ती सांगते. वर्गात शिकणाऱ्या मुलीच्या लेखनाला मिळालेला अभिप्राय येथे गुणांच्या रूपात नाही. तिचे म्हणणे गंभीरपणे वाचले गेले आणि अनोळखी वाचकांपुढे ठेवले गेले, हाच तो अभिप्राय. त्यामुळेच पावणेदोनशे वर्षांनंतरही आपण तो निबंध वाचू शकतो.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती रानडे यांचे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्याची मराठ्यांच्या राज्याशी तुलना केली, आणि ती इंग्रजी राज्याला फारशी अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी या तरुण विद्यार्थ्याला बोलावून समज दिली आणि त्याची शिष्यवृत्ती सहा महिने थांबविली, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. ग्रँट हे विद्वान आणि विद्यार्थ्यांविषयी आस्था असलेले शिक्षक होते. पुढे रानड्यांविषयी त्यांना आदरही वाटे. तरी त्या प्रसंगी शिक्षकाच्या जागी सत्ता बोलली. निबंधाची मांडणी, पुरावे व निष्कर्ष यांविषयी बोलण्याऐवजी निबंध लिहिल्याबद्दलच शिक्षा झाली.

या दोन प्रसंगांत केवळ सात-आठ वर्षांचे अंतर आहे. एका ठिकाणी शाळकरी मुलीचा प्रश्न ऐकला गेला, दुसऱ्या ठिकाणी बुद्धिमान विद्यार्थ्याचे मत दडपले गेले. संस्थेची प्रतिष्ठा, शिक्षकाची विद्वत्ता किंवा विद्यार्थ्याची तयारी यांतून हा फरक उलगडत नाही. लिहिणाऱ्याला आपल्याशी काही बोलायचे आहे, हे वाचणाऱ्याने मानले की नाही, यातून तो उलगडतो.

४. अमळनेरचे हस्तलिखित दैनिक

१८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि हळूहळू निबंध हा परीक्षेचा प्रश्न बनला. परीक्षकाला नाव माहीत नसलेल्या विद्यार्थ्याच्या लेखनाला एक आकडा द्यायचा असतो. त्याला उत्तर लिहायचे नसते. ही परीक्षकी सवय वर्गातही उतरली. वर्षभर वहीतही आकडाच पडू लागला.

या प्रवाहाविरुद्ध जाणारे एक नाव म्हणजे साने गुरुजी. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत, म्हणजे पुढील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. हे दैनिक छापील नव्हते. गुरुजी ते स्वतः हाताने लिहीत आणि मुलांना वाचावयास ठेवीत. थोरांच्या गोष्टी, देशातील घडामोडी, छात्रालयातील लहानमोठ्या गोष्टींवरील विचार असा त्यातील मजकूर असे. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंतचा हा काळ त्यांच्या शिक्षकी जीवनाचा गाभा मानला जातो.

आता कोणी म्हणेल की दैनिक म्हणजे काही वहीवरचा अभिप्राय नव्हे. ते खरे आहे. पण त्यातून एक तत्त्व मिळते. मुलांनी लिहावे अशी अपेक्षा करणारा शिक्षक येथे स्वतः मुलांसाठी लिहितो, तेही रोज, आणि त्याच छपराखाली राहणाऱ्या ठराविक मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. अभिप्रायाची भाषा पत्राच्या भाषेजवळ गेली म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण आहे. लाल शाईने केलेली खूण मुलाला एवढेच सांगते की हे चुकले. पत्र त्याला सांगते की मी तुझे वाचले.

मराठीत हीच परंपरा शाळेबाहेर ‘सत्यकथा’ मासिकात दिसते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी नवख्या लेखकांच्या कथा-कवितांवर सविस्तर पत्रे लिहिली, साहित्य परत पाठवतानाही कारणे सांगितली. कित्येक लेखक त्या पत्रांनी घडले. तरीही १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, कारण त्यांना त्या अभिरुचीचा दाब जाणवत होता. म्हणजे लेखी अभिप्राय कितीही आस्थेचा असला तरी तो अधिकाराच्या जागेवरून येतो. तो एकाच साच्याकडे वळवू लागला की लिहिणारा एकतर साच्यात बसतो किंवा बंड करतो. प्रौढ लेखक बंड करू शकतो. आठ वर्षांचे मूल बंड करीत नाही. ते लिहायचे थांबते.

५. शुद्ध काय, अशुद्ध काय?

येथे आपल्या प्रदेशाकडे वळू. मराठ्यांनी १७७९ च्या तहान्वये पोर्तुगीजांना १७८३ मध्ये नगर हवेली दिली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्या ताब्यात गेले. त्यानंतरच्या पावणेदोन शतकांच्या अमदानीत येथील आदिवासी मुलांच्या शिक्षणाची उपेक्षाच झाली. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. १९६१ पर्यंत वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला आणि मग हा प्रदेश भारतात विधिवत सामील झाला. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. मुक्तीनंतर येथे गुजराती आणि मराठी माध्यमांच्या शाळा वाढल्या. १९९१ च्या जनगणनेत येथील साक्षरता ४०.७१ टक्के होती, ती २०११ मध्ये ७६.२४ टक्के झाली. ही वाढ आनंदाची आहे. पण त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की आज वर्गात बसलेल्या कित्येक मुलांच्या आजीआजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते. अशा घरातील मुलाने लिहिलेले वाक्य घरी कोण वाचणार? बहुधा त्या वाक्याचा पहिला वाचक शिक्षक असतो, आणि पुष्कळदा शेवटचाही.

येथील मुलांच्या घरी वारली, कोकणा, धोडिया अशा बोली बोलल्या जातात. वारली मराठीला जवळची, धोडियाचा ओढा गुजरातीकडे. शाळेतील भाषा या मुलांना ओळखीची वाटते, परंतु ती त्यांची नसते. मुलाने लिहिलेल्या रूपाला शिक्षक ‘अशुद्ध’ म्हणतो तेव्हा ते रूप पुष्कळदा घरच्या बोलीच्या नियमानुसार अगदी बरोबर असते. मुलाला मात्र असे ऐकू येते की आपली आई अशुद्ध बोलते.

‘शुद्ध’ या शब्दाविषयी इतिहास थोडी नम्रता शिकवितो. दादरा मुक्त झाले त्या १९५४ साली मराठीत जुने शुद्धलेखन चालू होते. ‘नांव’ या शब्दावरील अनुस्वार गाळणारा विद्यार्थी तेव्हा चुकत होता. १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम स्वीकारले, अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि तोच अनुस्वार देणारा विद्यार्थी चुकू लागला. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. नियम नकोत असा याचा अर्थ मुळीच नाही. समाजाला समान लेखनाची गरज असते आणि आदिवासी मुलाला ती अधिकच असते, कारण अर्ज, परीक्षा व नोकरी यांची दारे त्याच भाषेने उघडतात. परंतु ज्या नियमाला आठ वर्षांत उलटता आले, त्याच्या नावाने मुलाचे मन दुखवू नये, एवढे तारतम्य इतिहास सांगतो. ‘हे चूक आहे’ याऐवजी ‘घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात’ असे समासात लिहिता येते. त्यात नियमही शिकविला जातो आणि घरचाही मान राहतो.

आपल्यापासून फार दूर नसलेल्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच सूत्र बालशिक्षणात आचरणात आणले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरे चारायला जात असेल तर कुरणावर न्यावी. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना या विचारातून आल्या. लेखनाच्या बाबतीत हाच विचार लावला तर अभिप्रायानेही मूल जेथे उभे आहे तेथपर्यंत चालत गेले पाहिजे.

६. नोंदींचे छापील नमुने

अलीकडच्या काळात लेखी अभिप्रायाला कायद्याचाही आधार मिळाला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्यात सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे तत्त्व मांडले गेले. महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने आकारिक व संकलित मूल्यमापन आणले आणि प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी लिहिण्यास सांगितले. कल्पना उदात्त होती. परंतु नोंदी तपासल्या जाणार हे कळताच तयार नोंदींच्या याद्या निघाल्या आणि एकच वाक्य अनेक मुलांच्या नावापुढे उतरू लागले. पंतोजींच्या शाळेत मूल कित्ता गिरवीत होते. येथे शिक्षक गिरवू लागला. यात केवळ शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. वेळ न देता मजकूर मागितला की नमुनाच हाती येतो.

जगातही या विषयाचा अभ्यास झाला आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ लेखी शेरे आणि काहींना दोन्ही देण्यात आले. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी व आवड वाढली. ज्यांना शेऱ्यांबरोबर गुणही मिळाले त्यांना शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. आकडा दिसताच मुलाची नजर तेथेच थांबते, असा त्याचा अर्थ लावता येईल. १९९८ मध्ये लंडनच्या पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. पुढे काय करायचे हे सांगणारा अभिप्राय शिकण्यास मदत करतो, या मताला त्याने बळ दिले.

७. वेळेचा हिशेब

हे सर्व ऐकून एखादे शिक्षक विचारतील की एवढा वेळ आणायचा कोठून? प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. उच्च प्राथमिक वर्गासाठी कायद्याने दर शिक्षकामागे ३५ विद्यार्थी हे प्रमाण धरले आहे. एका मुलाचा निबंध वाचून तीन ओळी लिहिण्यास चार मिनिटे लागतात असे समजू. पस्तीस वह्यांना दोन तास वीस मिनिटे होतात. दर आठवड्याला हे अशक्य आहे. पण आठवड्याला सातच वह्या घेतल्या तर अठ्ठावीस मिनिटे पुरतात आणि पाच आठवड्यांत सर्व वर्गाची फेरी होते. वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस धरले तर प्रत्येक मुलाला वर्षात सुमारे सात वेळा, फक्त त्याच्यासाठी लिहिलेला मजकूर मिळतो. उरलेल्या वह्यांवर त्या आठवड्यात नुसती सही असली तरी चालेल.

या तीन ओळींत काय असावे? पहिल्या ओळीत मुलाने काय सांगितले ते आपल्याला समजले, याची पोच. दुसरीत एकच दुरुस्ती, ती का हवी या कारणासह. तिसरीत एक प्रश्न, ज्याचे उत्तर देण्यासाठी मुलाला पुन्हा लिहावे लागेल. भाताच्या लावणीविषयी लिहिणाऱ्या मुलीला ‘छान’ असा शेरा देण्यापेक्षा ‘आवणात चिखल गुडघ्यापर्यंत येतो असे तू लिहिलेस, तो मला दिसला, मग रोपे सरळ ओळीत कशी लावता?’ असे विचारले, तर ती पुढच्या वेळी अर्धे पान अधिक लिहील. आणि तिने उत्तर लिहिले की ते वाचलेच पाहिजे, नाहीतर प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दहा चुकांपैकी नऊ आज सोडून देण्याचे धैर्य शिक्षकाला लागते. पालकांनी आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ते समजून घेतले पाहिजे. लाल खुणा कमी दिसल्या म्हणजे वही नीट तपासली नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढू नये.

शाळेच्या व्यवस्थापनाला माझी एक विनंती आहे. दरवर्षी प्रत्येक इयत्तेतील दोन-तीन वह्या, मुलांच्या व पालकांच्या संमतीने, शाळेच्या कपाटात जपून ठेवाव्यात. त्यांत मुलांचे लेखनही राहील आणि शिक्षकांचे समासातील शब्दही. ज्या शिक्षकाच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीने तपासलेल्या हजारो वह्यांपैकी आज फारच थोड्या कोठे शिल्लक असतील. शिक्षकाने आयुष्यभर जे सर्वाधिक लिहिले, तेच नाहीसे होते. पन्नास वर्षांनंतर या प्रदेशातील शिक्षणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्या वह्या कोणत्याही अहवालापेक्षा अधिक सांगतील.

 सोमवारी शाळा उघडेल तेव्हा सात वह्या बाजूला काढल्या जाव्यात, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.